बिडी-तंबाखूवर कर वाढवा आणि रानातलं पीकही बदला : निवेदनात नेमकं काय मागावं?

कागल_शिवार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कागल, गडहिंग्लज आणि पलीकडे निपाणी-चिकोडी या पट्ट्यातल्या बिडी तंबाखू उत्पादकांच्या वतीने एक निवेदन तयार करायचं आहे. भूमिका ठरलेली आहे. तंबाखूचा वापर कमी झालाच पाहिजे आणि त्यासाठी कर वाढायला उत्पादकांची ना नाही. फक्त वाढलेला कर दाखवून वखारवाल्यांनी (तंबाखू घेऊन साठवणाऱ्या व्यापाऱ्यांनी) दर पाडू नयेत, आणि ज्याला हे पीक सोडायचं आहे त्याला ते खरोखर सोडता यावं.

बिडीवर कर कोणत्या रूपात मागावा, म्हणजे माणसं बिडी सोडून टपरीवरच्या सुट्या तंबाखूकडे वळणार नाहीत? कोरडवाहू काळ्या रानात तंबाखूच्या जागी काय टिकेल? केंद्राची पीक विविधीकरण योजना तंबाखू उत्पादकांसाठी आहे असं ऐकतो, ती इथवर का पोचत नाही? 'कर वाढवावा, पर्यायी पीक द्यावं' एवढंच लिहिलं तर निवेदन फायलीत पडून राहील. आकडे, कलमं, कचेरी यांसह सांगा.

---

हजारी_हिशेब

कराचं मी सांगतो.

बिडीवर आज जो कर आहे तो जवळजवळ सगळा जीएसटी आहे, आणि जीएसटी किमतीच्या टक्क्यात लागतो. बंडल २० रुपयांचं धरा. दर २८ टक्के होता तेव्हा त्यात कर होता ४ रुपये ३८ पैसे, म्हणजे किमतीच्या जेमतेम २२ टक्के. जीएसटीचा सगळ्यात वरचा ४० टक्क्यांचा दर लावला तरी २० रुपयांत कर भरतो ५ रुपये ७१ पैसे, म्हणजे २८.६ टक्के. जागतिक आरोग्य संघटना म्हणते किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के हवा. नुसत्या जीएसटीने तिथे कधीच पोचता येत नाही, हे निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात येऊ द्या.

प्रत्यक्षात गाडी उलट्या दिशेने गेली आहे. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेत सिगारेट, जर्दा, पानमसाला ४० टक्क्यांवर नेण्याचं ठरलं आणि बिडी २८ वरून १८ वर आणायचं. तेंदूपत्ताही, म्हणजे बिडी वळायचं पान, १८ वरून ५ टक्क्यांवर आला. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर लांबीप्रमाणे हजारी, म्हणजे दर हजार नगांमागे, २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क बसलं. बिडीवर हजारी शुल्क नगण्यच राहिलं. देशात बिडी ओढणारे सिगारेट ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहेत. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात बिडी ७.७ टक्के आणि सिगारेट ४ टक्के होती. जास्त लोक जे ओढतात तेच स्वस्त झालं.

म्हणून मागणी हजारी शुल्काची करा. जीएसटी आणणाऱ्या संविधानाच्या १०१व्या दुरुस्तीनंतरही तंबाखूवर उत्पादन शुल्क लावायचा केंद्राचा अधिकार शाबूत आहे, जीएसटीच्या बरोबरीने. हिशेब असा मांडा. २८ टक्के धरून २० रुपयांच्या बंडलाची करपूर्व किंमत १५ रुपये ६२ पैसे येते. दुकानदाराचं कमिशन यातच धरलं आहे, सोपं पडावं म्हणून. १८ टक्क्यांनी तेच बंडल १८ रुपये ४४ पैशांना बसतं. आता हजारी २०० रुपये शुल्क लावा. २५ बिड्यांच्या बंडलावर ५ रुपये. जीएसटी त्या शुल्कावरही लागतो, म्हणजे किंमत होते २४ रुपये ३४ पैसे. वाढ ३२ टक्के.

आपल्यासारख्या देशांत किंमत १० टक्के वाढली की खप साधारण ५ टक्के घटतो असं सर्वसाधारण गणित वापरतात. त्या हिशेबाने खप १६ टक्क्यांनी खाली. सरकारला बंडलामागे २ रुपये ८१ पैसे मिळत होते तिथे ८ रुपये ७१ पैसे मिळतील. खप घटल्यावरही एकूण महसूल अडीच पटीच्या वर जातो. अर्थखात्याला हीच ओळ पटते, ती ठळक ठेवा. एवढं करूनही कराचा वाटा ३६ टक्केच होतो, तेव्हा २०० रुपये ही सुरुवात आहे असंही लिहा.

शुल्क ठोक रकमेत असतं, म्हणून महागाईने दरवर्षी झिजतं. दरवर्षी आपोआप वाढ कायद्यातच हवी. फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्यात तशी ४ टक्क्यांची तरतूद केली होती. आणि बिडीला लांबीचे टप्पे पाडू देऊ नका. सिगारेटवर ६५ मिलिमीटरचा टप्पा आहे म्हणून कंपन्यांनी ६४ मिलिमीटरच्या सिगारेटी बाजारात आणल्या. टप्पा दिसला की माल त्याच्या खाली बसवला जातो.

---

वखारीबाहेर

वरचा हिशेब बरोबर आहे, पण महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर अर्धाच. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते आणि तोंडात धरणारे २४.४ टक्के. आपल्याकडे खरी लढाई मळलेल्या तंबाखूशी, माव्याशी आणि विदर्भात खर्ऱ्याशी आहे. बिडी महाग केली आणि सुटा तंबाखू तसाच राहिला, तर माणूस चुन्याची डबी उघडणार.

सुट्या मालावर कर कुठे निसटतो ते पाहा. शेतकऱ्याकडून पान घेताना नोंदणीकृत व्यापाऱ्याने रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, ५ टक्के भरायचे असतात. पुढे पान कुटून, चाळून, चुरा झाला आणि छापील पुडीत गेला की वरचा दर आणि शुल्क लागतं. पण तोच चुरा पोत्यातून टपरीवर गेला आणि तिथे तोळ्या-दोन तोळ्याने विकला, तर कागदावर तो पानच राहतो. वखारीची चाळणी आणि टपरीचा तराजू यांच्यामध्ये कराची गळती आहे.

यावर काही जण सुचवतात की कर शेतातच लावा. हे निवेदनात चुकूनही येऊ देऊ नका. १९७९ पर्यंत कच्च्या तंबाखूवर उत्पादन शुल्क होतं. अबकारी निरीक्षक रानात, खळ्यावर येऊन मालाची मोजदाद करायचे. त्या जाचामुळेच ते रद्द झालं. कर वखारीच्या दारात हवा. जो चाळतो, मिसळतो किंवा पहिल्यांदा पॅक करतो त्याच्यावर, किलोमागे ठोक, छाप असो वा नसो. पुडीवर छाप नाही म्हणून कमी दर, अशी सवलत कुठेही नको.

दुसरी मागणी राज्याकडे : सुट्या विक्रीची बंदी. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. एक-एक बिडी विकली गेली की करवाढ रुपयाच्या नाण्यात बुडून जाते, म्हणून बंदी योग्यच होती. तंबाखूच्या चुऱ्यालाही तोच नियम लागू व्हावा आणि किमान पुडीचं वजन ठरावं. वजन ठरवलं नाही तर ५ रुपयांची पुडी ५ रुपयांचीच राहते आणि आतला माल ग्रॅम-दीड ग्रॅमने घटतो. गिऱ्हाइकाला दर वाढल्याचं कळतच नाही, तो दोनऐवजी तीन पुड्या घेतो.

गुटख्याची बंदी २०१२ ची. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत देऊन ती कशी पोखरली गेली ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून नुसत्या बंदीवर भिस्त ठेवू नका, कर आणि बंदी दोन्ही मागा.

---

बाजारपेठ_जुनी

माझी शंका स्पष्ट विचारतो. हजारी २०० लावलेत तर अधिकृत बिडी बंद पडेल आणि बिनछापाची, बनावट लेबलाची बिडी घराघरातून निघेल. बिडी वळायला ना यंत्र लागतं ना वीज. कर मोजणार कसा?

---

हजारी_हिशेब

रास्त शंका आहे. बिडी सीमेवरून चोरून येत नाही, ती हिशेबातून गळते. एकच मालक चार नावांनी चार धंदे दाखवतो आणि प्रत्येकाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली ठेवतो. तंबाखूसाठी ही मर्यादा २० लाखांची. बंडल कारखान्यातून १५ रुपयांना जातं धरलं, तर २० लाखांत ३३ लाख बिड्या बसतात. नोंदणीशिवाय इतका माल बाहेर पडू शकतो. म्हणून मागणी अशी करा की बिडी आणि तंबाखूला उलाढालीची सूट नको, छाप लावणारा प्रत्येक जण पहिल्या बंडलापासून नोंदणीत.

मोजायला यंत्र नसलं तरी दोन दारं आहेत. एक म्हणजे लेबल. २०२५ च्या वित्त कायद्याने केंद्रीय जीएसटी कायद्यात कलम १४८ए घातलं आहे. त्याखाली ठरावीक मालाच्या पुडीवर एकमेव ओळखचिन्ह छापायला लावता येतं. बिडी बंडलाचा त्यात समावेश मागा. दुसरं दार तेंदूपत्ता. तो वन आगारातून किंवा ग्रामसभेच्या लिलावातून वाहतूक परवान्यानेच हलतो. कोणत्या कारखानदाराने किती पाला उचलला आणि किती बिड्या दाखवल्या याचा ताळा घालता येतो. तफावत दिसली की तपासणी. पाल्यावर जादा कर मात्र मागू नका. तो गडचिरोली-गोंदियात पाला तोडणाऱ्यांच्या मजुरीतून कापला जाईल.

आणि 'शेतकरी मरेल' असं कारखानदार म्हणाले तर त्यांना हे विचारा. एका बिडीत तंबाखू असतो पाव ग्रॅमच्या आसपास. २५ बिड्यांत सव्वासहा ग्रॅम. किलोला शेतकऱ्याला १०० रुपये मिळतात असं धरलं तर २० रुपयांच्या बंडलात त्याचे साधारण ६२ पैसे. तंबाखूचा दर दीडपट केला तरी बंडल ३१ पैशांनी महागतं. ५ रुपयांचं शुल्क ६२ पैशांतून वसूल होऊच शकत नाही. कर वाढला म्हणून रानातला दर पाडावा लागतो, हे म्हणणं मुळातच टिकत नाही.

---

माळ_आणि_वाफसा

शेतीचं. आधी हे लक्षात घ्या की हे पीक कोरडवाहू रानात टिकलं ते नुसत्या पैशामुळे नाही. ऑगस्टमध्ये रोप लावलं की परतीच्या पावसावर आणि काळ्या रानातल्या ओलीवर ते निघतं. गुरं तोंड लावत नाहीत, राखण नाही. माल वाळला की घरात ठेवता येतो. व्यापारी उचल देतो आणि खळ्यावरून माल नेतो. पर्यायी पिकाला यातल्या निदान दोन-तीन गोष्टी जमल्या पाहिजेत, तरच शेतकरी वळेल. ज्यांना दूधगंगा-वेदगंगेचं पाणी मिळालं ते कधीच उसाकडे गेले, कारण तिथे गिऱ्हाईक ठरलेलं आणि दर कायद्याने बांधलेला. २०२५-२६ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. उरला प्रश्न पाणी नसलेल्या रानाचा.

पहिला पर्याय सोयाबीन आणि त्यामागे हरभरा किंवा शाळू (रब्बी ज्वारी). जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन १०० ते १०५ दिवसांत निघतं, ओलीवर हरभरा येतो, आणि तंबाखू जेवढा काळ रान अडवतो त्यात दोन पिकं होतात. वाण मात्र पाहून. कोल्हापूर-सांगलीच्या हवेत जेएस-३३५ तांबेऱ्याला बळी पडतं, ऑगस्ट-सप्टेंबरात पानं खालून तांबूस होऊन गळतात आणि शेंगा पोकळ राहतात. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचं फुले संगम (केडीएस-७२६) किंवा फुले अग्रणी (केडीएस-३४४) घ्या. एकरी ३० किलो बियाणं बास. घरचं बी असेल तर आधी उगवण तपासा, १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून. ७० च्या खाली उगवले तर बियाणं वाढवा. हरभऱ्याला फुले विक्रम बरा, झाड उंच वाढतं आणि काढणी यंत्राने होते. मजूर मिळत नाही ही तंबाखू सोडण्यामागची खरी तक्रार आहे, तेव्हा नवीन पिकात तीच अडचण घेऊ नका.

तंबाखूत शेंडा खुडल्यावर बगलेतून फुटवे येत राहतात. ते आठ-दहा दिवसांनी काढावे लागतात, तेही पुन्हा पुन्हा. बायांच्या हाताला काळा चीक बसतो. पान ओलं असताना काम केलं तर निकोटीन कातडीतून अंगात जातं, मळमळ, चक्कर, उलटी होते. हे मजुरीच्या हिशेबात कोणी धरत नाही. निवेदनात तंबाखू आणि सोयाबीन-हरभरा यांचा एकरी ताळेबंद द्याल तेव्हा घरच्या माणसांची मजुरी रोजाच्या दराने धरा. ती न धरल्यामुळेच तंबाखू कागदावर फायद्याचा दिसतो.

दुसरा पर्याय मिरची. संकेश्वरी मिरचीचं नाव आहे, वाळवून ठेवता येते, व्यापारी ओळखीचे. पण मजुरी भरपूर आणि बोकड्या (पानं आकसणारा रोग) आला की हंगाम जातो. भुईमूग हलक्या रानात बरा, काळ्या चिकणीत शेंगा जमिनीत तुटून राहतात.

आणि एक गोष्ट बहुतेक पर्यायी पिकांच्या यादीत सुटते : बंबाखू, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणारं तण. वर्षानुवर्षं तंबाखू घेतलेल्या रानात त्याचं बी धुळीसारखं पडलेलं असतं आणि दहा-बारा वर्षंसुद्धा जिवंत राहतं. तंबाखूच्या मुळांवर जगतो तसाच तो टोमॅटो आणि वांग्याच्या मुळांवरही जगतो. तंबाखू सोडून लगेच टोमॅटो लावणाऱ्याला फळ धरायच्या वेळी सरीत निळसर फुलांचे पिवळट कोंब दिसतात आणि झाडं वाळतात. अशा रानात पहिली दोन-तीन वर्षं तीळ, चवळी, ज्वारी असं फिरवा. त्यांच्या मुळांमुळे बंबाखूचं बी उगवतं, पण त्याला मुळावर धरता येत नाही आणि ते मरतं. दिसेल तो कोंब फुलायच्या आत उपटून रानाबाहेर जाळा, बांधावर टाकू नका.

---

हमीभाव_कागद

पिकाचं बरोबर, पण घोडं अडतं विक्रीवर. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात बराच काळ दर त्याच्या खाली राहिला. २०२५-२६ ला हमीभाव ५,३२८. तंबाखू सोडणाऱ्याला पहिल्याच वर्षी हमीभावाखाली विकावं लागलं तर तो पुढच्या ऑगस्टला पुन्हा तंबाखूची रोपं आणणार.

सरकारी खरेदीत इथल्या मालाला दोन अडथळे येतात. एक ओलावा, साधारण १२ टक्क्यांची अट. कोल्हापूर भागात काढणीलाच पाऊस असतो, मळणी झाल्यावर दोन-तीन उन्हं दिल्याशिवाय माल बसत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीकडे ओलावा मोजायचं यंत्र आणि ताडपत्र्या असल्या तरी परत जाणारा बराच माल वाचतो. दुसरा अडथळा सातबारा. खरेदी केंद्रावर नोंदणीला पिकाची नोंद लागते. ई-पीक पाहणी केली नाही किंवा आधीचंच पीक तसंच राहिलं, तर नोंदणी अडते. तंबाखूवरून सोयाबीनवर आलेल्यांनी पहिल्या वर्षी हे हमखास तपासावं. निपाणीकडच्यांची नोंद कर्नाटकच्या पद्धतीने होते, म्हणून निवेदनं दोन करा, मजकूर एक असला तरी.

आता पीक विविधीकरण. हा कार्यक्रम राष्ट्रीय कृषी विकास योजनेत आहे. २०१५-१६ पासून तो तंबाखू पिकवणाऱ्या १० राज्यांना लागू केला, त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही आहेत. पैसा केंद्र ६० आणि राज्य ४०. पोचत नाही कारण केंद्र स्वतःहून पाठवत नाही. जिल्ह्याने प्रस्ताव द्यायचा, राज्याने तो वार्षिक आराखड्यात घ्यायचा आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यस्तरीय मंजुरी समितीने मान्य करायचा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या प्रस्तावात तंबाखूचं नावच नसेल तर पुढे काहीच होत नाही. तेव्हा पहिली खेप मंत्रालयात नको, जिल्हा कृषी कार्यालयात मारा, गट क्रमांक, क्षेत्र आणि शेतकऱ्यांच्या सह्यांसह. योजनेत प्रात्यक्षिक, औजारं, मूल्यवर्धन बसतं. बियाण्याच्या पिशव्या वाटून प्रात्यक्षिक संपवू नका, साफसफाई-प्रतवारीचं यंत्र आणि गोदाम मागा.

टोबॅको बोर्डाकडे जायचा सल्ला कोणी दिला तर वेळ जाईल. १९७५ च्या कायद्याचं ते मंडळ गुंटूरला आहे. परवाने, क्षेत्रमर्यादा, लिलाव हे सगळं ते सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूपुरतं बघतं. बिडी तंबाखूला ना मंडळ, ना लिलाव, ना हमीभाव. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला महामार्ग अडवला गेला, गोळीबारात शेतकरी गेले, ते याच दरासाठी. तेव्हापासून या पिकाची खरेदी वखारवाल्यांच्याच हातात आहे.

---

पेठेतली_बिडी

सोलापूरकडून एक जोड. करवाढीने सगळ्यात आधी काम घटतं ते वळणाऱ्या बायांचं. कारखानदार मजुरी कापत नाही, पाला आणि जर्दा (बिडीत भरायचा तंबाखू) कमी देतो. आठवड्याला सहा दिवस काम होतं ते चार होतं. वर छाट वाढवतो, म्हणजे हजारातल्या जास्त बिड्या नाकारतो आणि त्या फुकट ठेवून घेतो. निवेदनात शेतकऱ्यांच्या शेजारी या बायांना जागा द्या, नाहीतर तुमच्या करवाढीला विरोध करायला कारखानदार त्यांनाच मोर्चात पुढे उभं करतील.

१९७६ च्या कायद्याने बिडीवर कामगार कल्याणाचा उपकर होता. जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये तो गेला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आता अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर चालतात. नवीन हजारी शुल्कातून ठरलेला वाटा या कामगारांसाठी मागा. सुरुवात ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीपासून. ज्या बाईचं नाव कारखान्याच्या वहीत नाही, तिला कुठलीच भरपाई लागू होत नाही. ठेकेदाराच्या हाताखालच्या बहुतेकींची हीच गत आहे.

धंदा बदलता येतो याचं आपल्या देशातलं उदाहरण कन्नूरचं. १९६९ साली उभी राहिलेली केरळ दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था. बिडीचा खप उतरायला लागल्यावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी मसाले, नारळाची उत्पादनं, छत्र्या असे धंदे सुरू केले. तोवर बिडी थोडीफार चालत होती आणि संस्थेच्या गाठीला पैसा होता, म्हणून जमलं. तरी नव्या कामात सगळे कामगार सामावले नाहीत. आपल्याकडे करवाढ आधी आणि पुनर्वसनाचं 'पुढे बघू' असं झालं तर तेवढंही होणार नाही.

---

कागल_शिवार

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप काही हाती लागलं. सोलापूरच्या बायांचा मुद्दा आमच्या मसुद्यात नव्हता, तो घेतो. एकच राहिलं. करातला वाटा शेतकऱ्याला द्या असं म्हटलं की अर्थखातं 'महसूल बांधून ठेवता येत नाही' म्हणतं. यावर काय मांडावं? आणि कोणती मागणी कोणाकडे?

---

हजारी_हिशेब

बांधून ठेवल्याची उदाहरणं आहेत, त्यात काय बिघडलं तेही लिहा म्हणजे निवेदन वजनदार होईल.

फिलिपिन्सच्या २०१२ च्या कायद्यात वाढीव महसुलातले १५ टक्के तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांना ठेवले आणि उरलेल्यातला मोठा भाग आरोग्यविम्याला. प्रांतांच्या वाट्यावर तक्रार अशी राहिली की पैसा पीक बदलण्यापेक्षा रस्ते-इमारतींवर जास्त गेला. म्हणून तुमच्या मागणीत पैसा जिल्ह्याला नको, सातबाऱ्यावर तंबाखूची नोंद असलेल्या खातेदाराला आणि नोंदणीकृत बिडी कामगाराला हवा.

अमेरिकेने २००४ मध्ये तंबाखूचा कोटा, म्हणजे किती माल विकायचा याचा ठरलेला हक्क, विकत घेऊन संपवला. कोटाधारकाला पौंडाला ७ डॉलर, पिकवणाऱ्याला ३ डॉलर, दहा वार्षिक हप्त्यांत, आणि पैसा कंपन्यांकडून वसूल केला. पण पीक बंद करायची अट नव्हती. लहान शेतकरी बाहेर पडले आणि मोठ्यांनी क्षेत्र वाढवलं. आपल्याकडे बिडी तंबाखूला कोटाच नाही, विकत घेण्यासारखं काही नाही. म्हणून एकरकमी भरपाई मागू नका. केनियात मिगोरी भागात तंबाखू सोडून लोहयुक्त घेवडा लावणाऱ्यांचा माल जागतिक अन्न कार्यक्रमाने विकत घेतला, तिथे खरेदीची हमी होती म्हणून शेतकरी वळले. तुमची मागणी त्या धर्तीची असू द्या : तंबाखू सोडणाऱ्या नोंदणीकृत क्षेत्रातलं सोयाबीन, हरभरा, ज्वारी सलग तीन हंगाम हमीभावाने घ्यायचं, आणि बाजारभाव व हमीभावातला फरक वाढीव शुल्कातून भरायचा. पहिला हप्ता पेरणीआधी. व्यापारी उचल देतो तेव्हाच सरकारचा पैसा आला तर त्याची उचल नाकारता येते.

मूळ उत्पादन शुल्काची रक्कम राज्यांच्या वाटपात येते, उपकराची येत नाही. म्हणून 'उपकर' शब्द टाळून 'उत्पादन शुल्क' मागा, राज्य सरकारही तुमच्या बाजूने बोलेल.

कोणाकडे काय. हजारी शुल्क आणि वार्षिक वाढ केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे. बजेट १ फेब्रुवारीला असतं, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरातच पाठवा, जानेवारीत पाठवलेल्याचा उपयोग नाही. बिडीचा १८ टक्के दर ४० वर नेणं आणि नोंदणीची सूट काढणं जीएसटी परिषदेकडे. तिथे केंद्राचं मत एक तृतीयांश, राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, तेव्हा राज्याच्या अर्थमंत्र्यांना भेटणं गरजेचं. ओळखचिन्हाची मागणीही तिथेच. सुट्या चुऱ्याची बंदी आणि किमान पुडी राज्याच्या आरोग्य खात्याकडे. क्षेत्र आणि पीक जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे. प्रत्येक पत्रासोबत जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचा दाखला जोडा. भारताने तो २००४ मध्ये स्वीकारला आहे, त्यातलं कलम ६ कराचं आणि कलम १७ तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि कामगारांना पर्याय देण्याचं.

---

माळ_आणि_वाफसा

जिल्ह्याच्या पत्राला रानाची यादी जोडाल तेव्हा एक रकाना बंबाखूचा ठेवा, 'आहे / नाही'. ज्या गटात आहे तिथे भाजीपाल्याचं प्रात्यक्षिक नको असं आधीच लिहून द्या. आणि सोयाबीनचं बियाणं मेच्या पहिल्या आठवड्याच्या आत गावात पोचलं पाहिजे ही अट घाला. जुलैत आलेलं बियाणं कोणी पेरत नाही, तोवर तंबाखूचे वाफे टाकून झालेले असतात.